किती टक्के मासा?

भ्रूणशास्त्र शिकवते असं कळलं की लोक हटकून एकच विचारतात: "आईच्या पोटात माणूस आधी मासा असतो, हे खरं ना?" त्या शेवटच्या 'ना'वर माझा राग आहे. उत्तर त्यांच्याजवळ तयार असतं, माझ्याकडून फक्त मान डोलावून हवी असते. कित्येक वर्षं मी ती डोलावली. आता एकदाच सगळं लिहून ठेवते. पुढच्या वेळी कुणी विचारलं की हा कागद पुढे करीन.

नाही. माणसाचा गर्भ एका दिवसापुरताही मासा नसतो. त्याला कल्ले फुटत नाहीत आणि फुटून नाहीसेही होत नाहीत. चौथ्या आठवड्यात गळ्याशी वळ्या दिसतात, त्यांना आम्ही घशाच्या कमानी म्हणतो. त्यांच्या मधल्या खाचा आपल्यात सहसा आरपार उघडतसुद्धा नाहीत. माशाच्या गर्भालाही अशाच कमानी असतात. तिथे त्यांपैकी मागच्या कमानींवर कल्ले येतात. आपल्यात पहिल्या दोन कमानींतून खालचा जबडा होतो आणि कानातली हातोडी, ऐरण, रिकीबही होतात. आतल्या बाजूच्या कप्प्यांतून मध्यकर्ण, टॉन्सिल, थायमस. म्हणजे आपलं साम्य माशाशी नाही, माशाच्या गर्भाशी आहे. भ्रूणशास्त्रज्ञ फॉन बेअरनं हे १८२८ मध्येच सांगून ठेवलं होतं. पण पुढे जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेल आला, आणि गर्भ आपल्या पूर्वजांच्या पायऱ्या एकेक करून चढतो हे त्याचं म्हणणं लोकांच्या डोक्यात जे बसलं ते आजतागायत उठलेलं नाही. त्याची ती वेगवेगळ्या प्राण्यांच्या गर्भांची ओळीनं मांडलेली चित्रं तुम्ही पाहिलेली आहेत, त्यांवर वेगळं लिहीत बसत नाही.

मग मी मान का डोलवायची? कारण श्रोते खूश व्हायचे. दुसरं कारण शोधलं, सापडलं नाही.

एका संध्याकाळच्या व्याख्यानानंतर सभागृह रिकामं होत होतं. मी लॅपटॉप बंद करत होते. एक गृहस्थ मुलीचा हात धरून पुढे आले. मुलगी आठ-नऊ वर्षांची असेल. नाकापासून ओठापर्यंत शस्त्रक्रियेचा बारीक व्रण. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही त्या कल्ल्यांच्या खाचा दाखवल्यात ना. हिचा ओठ जन्मतः दुभंगलेला होता. ते तसलंच काही राहून गेलेलं का?"

'कल्ल्यांच्या खाचा' हा शब्द त्यांचा नव्हता, माझाच होता. तासाभरात मी तो किमान पाच वेळा वापरला असेन. मी दमले होते. पण खरं सांगायचं तर प्रश्न मला आवडला. व्याख्यानाचा शेवट व्हावा इतका चपखल होता. मी म्हणाले, "एका अर्थी, हो."

मुलीनं वडिलांचा हात सोडला आणि तळवा तोंडावर धरला. मी ते पाहिलं. पाहूनही पुढचं वाक्य पूर्ण केलं: उत्क्रांती किती चिवट असते बघा, असलं काहीतरी.

माझी बाजू मांडायची तर मांडता येते. वरच्या ओठाचा मोठा भाग ज्या उंचवट्यांतून होतो ते पहिल्या कमानीचेच. शिवाय अशा खाचेचा अवशेष खरोखरच राहतो कधीकधी, पण मानेत: गाठ किंवा बारीक छिद्र म्हणून. तेव्हा 'एका अर्थी' म्हणायला जागा होती, असं मी बरेच दिवस स्वतःला समजावलं. पण जागा नव्हती. ओठातली फट दोन कमानींच्या मधली नसतेच. बाजूचे उंचवटे आणि नाकाचे मधले उंचवटे सहाव्या-सातव्या आठवड्याच्या सुमारास एकमेकांना येऊन मिळतात, ती जुळणी अपुरी राहते. कुठल्याही माशाचा त्यात काडीचा संबंध नाही.

तीन महिन्यांनी त्या गृहस्थांचं पत्र आलं. छोटंसंच. "ती अधूनमधून विचारते, मी किती टक्के मासा आहे. काय सांगू?"

मी चार पानं लिहिली. आकृत्यांसकट. पहिल्याच पानावर लिहिलं की पाचव्या आठवड्यात प्रत्येकाच्या ओठाच्या जागी फटच असते, माझ्याही होती, तुझ्या बाबांच्याही. ती सगळ्यांची जुळते असं नाही. ओठ किंवा टाळू दुभंगलेलं सुमारे ७०० जन्मांमागे एक मूल असतं. इथवर ठीक होतं. इथेच थांबायला हवं होतं. पण मला तिला चेहरा कुठून येतो ते सांगायचं होतं, कारण त्याहून नवलाची गोष्ट मला दुसरी माहीत नाही.

गर्भाच्या पाठीवर एक पट्टी वळून नळी होते, तिचा पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होतो. नळी मिटताना तिच्या काठावरच्या काही पेशी सुटतात आणि चालू लागतात. यांना न्यूरल क्रेस्ट म्हणतात. डोक्याकडच्या पेशी पुढे, खाली उतरतात, कमानींत आणि चेहऱ्याच्या उंचवट्यांत भरतात आणि तिथे हाड, कूर्चा, दातांचा गाभा असं बरंच काही होतात. तुझा चेहरा, मी लिहिलं, तुझ्या मेंदूच्या काठावरून चालत आला आहे. १८६८ मध्ये कोंबडीच्या गर्भात या पेशी पहिल्यांदा पाहिल्या त्या शरीररचनाशास्त्रज्ञ विल्हेल्म हिसनं. (हेकेलनं चित्रांत फेरफार केला असं जाहीरपणे म्हणणाराही हाच हिस. मला हे जुळून येणं फार आवडतं.) मग अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ ज्युलिया प्लॅट. १८९३ मध्ये सॅलमँडरच्या गर्भावरून तिनं सांगितलं की डोक्यातली काही कूर्चा गर्भाच्या बाहेरच्या थरातून येते. तेव्हाचा नियम असा की सांगाडा मधल्याच थरातून यायला हवा. तिचं कुणी ऐकलं नाही, तिला विद्यापीठात नोकरीही मिळाली नाही. पुढे १९३१ मध्ये ती पॅसिफिक ग्रोव्ह या गावाची महापौर झाली. नऊ वर्षांच्या मुलीच्या पत्रात हे कशाला घातलं, कोण जाणे. की मला माहीत आहे. प्लॅटबद्दल लिहिताना मी तिच्या बाजूची वाटत होते.

फ्रेंच भ्रूणशास्त्रज्ञ निकोल ल द्वारँ यांचे प्रयोगही घातले. १९६९ मध्ये त्यांच्या लक्षात आलं की लावा पक्ष्याच्या पेशींचं केंद्रक कोंबडीच्या केंद्रकापेक्षा सूक्ष्मदर्शकाखाली वेगळं, गडद ठिपक्याचं दिसतं. मग लाव्याच्या पेशी कोंबडीच्या गर्भात लावायच्या आणि ठिपके कुठवर पोचले ते बघायचं. २००३ मधला प्रयोग तर मुलांना आवडेल असाच: बदकाच्या या पेशी लाव्याच्या गर्भात घातल्या तर चोच बदकासारखी होऊ लागते. चोचीचा आकार आलेल्या पेशी ठरवतात, यजमान नाही.

उत्तर एका ओळीचं आलं. "वाचून दाखवलं. ती म्हणते, मग तेव्हा बाईंनी हो का म्हटलं?"

त्याला सात वर्षं झाली.

त्यानंतर मी 'मासा' शब्दच टाकला. व्याख्यानांत आता सांगू लागले की डोकं ही पृष्ठवंशी प्राण्यांची संपूर्ण नवी कमाई आहे. आधार भक्कम होता. गॅन्स आणि नॉर्थकट या जीवशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये मांडलं की पृष्ठवंशींचे पूर्वज पाणी गाळून खाणारे होते. शिकारीकडे वळताना न्यूरल क्रेस्ट आणि वासाच्या, कानाच्या इंद्रियांची बीजं असलेले त्वचेचे जाड तुकडे यांच्या जोरावर एक नवं डोकं धडाच्या पुढे जोडलं गेलं. अ‍ॅम्फिऑक्सस हा माशासारखा दिसणारा सागरी प्राणी दाखवायचे मी: चारपाच सेंटिमीटरचा, कवटी नाही, जबडा नाही, न्यूरल क्रेस्ट नाही. आणि म्हणायचे, बघा, हे डोक्याच्या आधीचं.

आता तेव्हाची मी समोर आली तर तिला विचारीन, एक घोषणा टाकून दुसरी घेतलीस, यात सुधारलीस काय? अ‍ॅम्फिऑक्ससच्या मज्जारज्जूच्या पुढच्या टोकाला आपल्या मेंदूच्या पुढच्या भागात चालणाऱ्या जनुकांपैकी काही चालूच असतात. म्हणजे पुढचं टोक रिकामं नव्हतं. २००६ मध्ये मोठ्या प्रमाणावर जनुकांची तुलना झाली आणि आपणा पृष्ठवंशींचा कणा नसलेल्या प्राण्यांतला सर्वांत जवळचा नातेवाईक अ‍ॅम्फिऑक्सस नसून सी स्क्वर्टचा गट ठरला, खडकाला चिकटून राहणाऱ्या त्या पिशव्यांचा. २०१२ मध्ये त्यांच्या बेडूकमाशासारख्या पिल्लांत चेतातंत्राच्या काठावरच्या अशा पेशी दाखवल्या गेल्या की त्यांत एक जनुक मुद्दाम चालू केलं तर त्या हिंडू लागतात. न्यूरल क्रेस्टची कच्ची आवृत्ती म्हणा. मग डोकं नवं म्हणायचं की जुनंच नव्यानं वापरलेलं? लॅम्प्रे या बामसारख्या दिसणाऱ्या माशाला न्यूरल क्रेस्ट आहे पण जबडा नाही. त्याचं डोकं किती नवं? तेव्हाची ती मी म्हणेल, हे सगळं तासाभरात कसं सांगणार. तेही खोटं नाही.

किती टक्के नवं, हे आमच्यातही कुणाला सांगता येत नाही. मुलीचा प्रश्न जवळपास हाच होता, आणि मी तिला हातोडी-ऐरणीच्या आकृत्या पाठवल्या.

ती आता पंधरा-सोळा वर्षांची असेल. तिनं विचारलं होतं त्याचं उत्तर चार पानांत कुठेच नव्हतं, आणि ते फार लांबही नाही. ते वाक्य मला ऐकायला छान वाटलं, म्हणून म्हटलं. पत्ता अजून माझ्या वहीत आहे.