तुम्ही विचारलंत म्हणून: साल्सा सोशलमध्ये शिकवायचं का नाही?

‘समोरच्याचं चुकतंय हे दिसत असताना गप्प बसायचं? दोन शब्द सांगितले तर बिघडलं कुठे?’ साल्साच्या सोशलमध्ये, म्हणजे क्लासबाहेर नुसतं नाचायला जमतात तिथे, ‘फ्लोअरवर शिकवू नका’ असं सांगितलं की हे हमखास ऐकावं लागतं. विचारणारे बहुतेक लीड करणारे, म्हणजे जोडीत पुढची चाल ठरवणारे असतात (ती ओळखून साथ देते ती फॉलो करणारी) आणि क्लास सुरू होऊन वर्ष-दीड वर्ष झालेलं असतं.

बिघडतं कुठे, ते दाखवूनच देते. सगळ्यात जास्त शिकवणी चालते ती क्रॉस बॉडी लीडवर: लीड करणारा बाजूला होतो आणि फॉलो करणारी त्याच्या समोरून पलीकडे जाते. ऑन वन, म्हणजे आठ ठोक्यांच्या मोजणीत १ ला पुढे-मागे पाऊल टाकून नाचताना फॉलो करणारी ५ वर निघते आणि लीडच्या खांद्यावर आदळते, नाहीतर त्याला वळसा घालून ७ ला कशीबशी पोचते. लगेच सूचना येते: ‘पावलं मोठी पडतायत तुझी, घाई करू नकोस.’ आता त्याचे पाय बघा. १ ला डावा पाय पुढे, २ ला वजन परत उजव्यावर. ३ ला डावा पाय बाजूला टाकून, अंग डावीकडे पाव वळण उघडून त्याने तिच्या रेषेतून बाहेर पडायला हवं. ते ३ चं पाऊल जागच्या जागी पडलं की साहेब वाटेतच उभे. तिला ५-६ ला सरळ पुढे जायचंय आणि समोर भिंत. गोंधळ दिसतो तिच्या पावलात, पण झालेला असतो दोन ठोके आधी, त्याच्या पावलात. तिने मुकाट्याने पावलं लहान केली, तर पुढच्या नीट लीड करणाऱ्याबरोबर ती ७ ला अर्ध्या वाटेतच राहते. म्हणजे एक चुकीची सूचना आणि दोन नाच खराब.

उजव्या वळणाचंही तेच. त्याचा हात ३ ला वर जायला हवा. तो ५ ला गेला तर तिला वळायला ६ आणि ७ एवढंच उरतं. हात डोक्यावर न राहता बाजूला ओढला गेला की तोल जातो. अंगठ्याने पकड आवळली की बोटं हातात फिरत नाहीत आणि मनगट पिरगळतं. कारणं तीन, पण तिला ऐकवलं जातं एकच: ‘बॅलन्सवर काम कर.’

फॉलो करणाऱ्याही कमी नाहीत बरं का. स्वतःचं कोपर पाठीमागे जाईपर्यंत हात ढिला सोडायचा आणि वर म्हणायचं, ‘लीड कळतच नाही तुझा.’

बरं, निदान अचूक असलं तर? तरीही गाणं चार-पाच मिनिटांचं असतं. ‘टाच उचल’ म्हटलं की तिचं सगळं लक्ष टाचेकडे जातं. गाण्यातला क्लावेचा ठेका कुठला नि कोंगा ढोल कुठला. शिवाय तुम्ही मधेच थांबून समजावत असता तेव्हा शेजारची जोडी क्रॉस बॉडीत तुमच्याच पायावर येते.

अपवाद एकच, दुखणं. ‘खांद्याला ओढ बसतेय’, ‘डिप (मागे झुकवणं) नको’, हे तिथल्या तिथे, गाणं चालू असताना बोला. याला शिकवणं म्हणत नाहीत.

टँगोवाल्यांनी हे केव्हाच वेगळं केलंय. सरावाला प्राक्टिका, नाचायला मिलोंगा, आणि मिलोंगात तीन-चार गाण्यांच्या तांदामधे कुणी ‘ग्रासियास’ म्हटलं की समजायचं, नाच संपला. छोट्या साल्सा ग्रुपचं दुखणं असं की सराव आणि सोशल त्याच हॉलमध्ये, त्याच माणसांत.

इथे माझंच जुनं मत आडवं येतं. पूर्वी मी म्हणायचे, ज्याला क्लास परवडत नाही किंवा मिळतच नाही, त्याने शिकायचं कुठे? सोशल हाच त्याचा क्लास. हे मला आजही खोडता आलेलं नाही. मधला मार्ग म्हणून सुरुवातीचा अर्धा तास सरावाला ठेवा म्हणतात. ठेवून बघा, शिकवायची हौस असलेले नेमके त्यानंतर उगवतात.

तोवर एवढं करा. एखादी मूव्ह दोनदा फसली की सोडून द्या, बेसिक पावलांवर या, वळणं कमी करा. आणि तिने स्वतःच ‘काय चुकलं?’ असं विचारलं तर गाणं संपल्यावर, फ्लोअरच्या बाहेर येऊन, एकच गोष्ट सांगा. तीही आपला ३ कुठे पडला होता हे आठवून.