परसातली खोली: आधी लेव्हल, मग नकाशा

आई-वडिलांसाठी घरामागे संडास-बाथरूमसकट खोली काढायची ठरली की चर्चा दहा बाय बारा की बारा बाय बारा यावरच अडते. ते नंतर बघू. आधी जुन्या ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण काढा आणि आतला पाइप जमिनीपासून किती खाली आहे ते मोजा. चार इंची पाइपला साठ फुटाला एक फूट उतार धरला, तर तीस फुटांत सहा इंच जातात. चेंबरमध्ये पाइप सव्वा-दीड फूट खाली असेल तर निश्चिंत व्हा. नसेल तर पी-ट्रॅपचा कमोड घ्या. त्याचा पाइप भिंतीतून बाहेर पडतो, त्यामुळे फरशीखाली खोल जागा लागते ती फक्त नहाणी ट्रॅपपुरती, म्हणजे फरशीतल्या जाळीखालच्या पाण्याच्या भांड्यापुरती. मात्र हे भिंत उभी राहण्याआधी ठरायला हवं.

एवढा खटाटोप कशासाठी, तर जोतं उगाच उंच जाऊ नये म्हणून. रॅम्पला एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते. जोतं फूटभर असेल तर बारा फूट, दोन फूट असेल तर चोवीस. परसात तेवढी जागा नसते, मग मिस्त्री सहा फुटांतच रॅम्प उरकतो. त्यावर मोटारसायकल चढते, काठी टेकणारा माणूस नाही. डांबराचे थर चढून रस्ताच अंगणाच्या वर गेला असेल, तर जोतं उचलण्यापेक्षा अंगणात मुरूम भरून ते हळूहळू चढवत न्या. रॅम्प किमान साडेतीन फूट रुंद ठेवा. कडेला तीन इंच कठडा, वर धरायला पाइप आणि दारासमोर पाच फूट सपाट जागा हवी. ओल्या सिमेंटवर झाडू फिरवून पृष्ठभाग खरबरीत करा. काळा ग्रॅनाइट नको, मे महिन्यात अनवाणी पाय पोळतात.

आता काळी माती. सोलापुरात एका प्लॉटवर दोन फुटांवर मुरूम लागतो, शेजारी सहा फूट गेलं तरी नाही. कडक मुरूम लागेपर्यंत खणा आणि त्यात आणखी फूटभर उतरा. मुरूम फारच खोल असेल तर भिंतीखाली सलग पाया न घेता कॉलम आणि प्लिंथ बीम (जोत्याच्या पातळीवरची काँक्रीटची तुळई) करा. बीमखाली काळी माती तशीच घट्ट ठेवू नका. ती पावसात फुगते आणि बीमलाच वर ढकलते. सगळ्यात जास्त फसवणूक जोत्याच्या भरावात होते. खणलेली माती फुकटची, म्हणून तीच आत लोटली जाते. दोन पावसाळ्यांत फरशा पोकळ वाजू लागतात, दाराच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. भरावाला मुरूमच हवा, तोही सहा-सहा इंचांचा थर पाणी मारून धुमसलेला.

नवी भिंत जुन्या घराला दाते काढून जोडायची नाही. मधे इंचभर सांधा मोकळा सोडा आणि वरून पट्टी मारा, कारण दोन्ही पाये वेगवेगळे खचणार. नहाणीचं पाणी भिंतीलगतच्या केळीला सोडायची आपली जुनी सवयही इथे नडते. एका बाजूची माती कायम ओली राहते आणि खोली तिरकी उचलली जाते. केळ दहा फूट लांब लावा.

संडास-बाथरूम आतून पाच बाय आठपेक्षा लहान नको. दार मोकळं तीन फूट आणि बाहेर उघडणारं. आत माणूस दाराला टेकून पडला तर आत उघडणारं दार कुणालाच लोटता येत नाही. कडीही बाहेरून काढता येणारी घ्या. कमोडची बसायची उंची अठरा इंच, मध्यापासून बाजूच्या भिंतीपर्यंतही अठरा इंच, म्हणजे दांडा हाताला येतो. चार इंची भिंतीत प्लग ठोकून बसवलेला दांडा माणसाचं वजन पेलत नाही. प्लास्टर आणि टाइल्सच्या आधी त्या उंचीवर काँक्रीटची पट्टी घाला, नंतर त्यात अँकर बोल्ट मारा. टॉवेलचा रॉड कमोडजवळ लावूच नका, तोल गेला की हात आधी त्यालाच जातो. नळाला पाणी रोज येत नसल्याने बादल्या भरून ठेवायची सवय असते, पण भरलेली बादली उचलणं हेच या वयात धोक्याचं. टाकीचं कनेक्शन, हँड शॉवर आणि बसायला भिंतीला पक्का बसवलेला अठरा इंच उंच कट्टा द्या.

छपराला पत्रा नको. मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास इथे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, म्हणून ऊन भिंतीपेक्षा स्लॅबवर जास्त बसतं. विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि वर पांढरं चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सचे तुकडे), माळवदाइतकं नाही, पण बऱ्यापैकी थंड. पश्चिमेला नऊ इंची भिंत, तिकडे खिडकी टाळा. कूलर लावाल तर समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवा, नाहीतर खोलीत नुसती दमट घुसमट होते.

वायरिंगला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), पलंगाशी टू-वे स्विच आणि मोठ्या घराच्या स्वयंपाकघरात वाजणारी बेल. गॅस गीझर बंद बाथरूममध्ये कधीच नको, त्यातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. विजेचा गीझर घ्या, थर्मोस्टॅट ४५-५० अंशांवर.

आणि हो, सामासिक अंतरात, म्हणजे प्लॉटच्या हद्दीलगत मोकळ्या सोडायच्या पट्ट्यात, बांधकाम चालत नाही. खड्डा मारण्याआधी आर्किटेक्टकडून महापालिकेची परवानगी काढून घ्या.