गोल्टीसकट विश्व

कांदा कुणी मोजत नाही, तोलतात. लासलगावला लिलाव झाला की ट्रॉली भुईकाट्यावर जाते. भरल्या गाडीचं वजन करायचं, व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल ओतायचा, मग रिकाम्या गाडीचं वजन आणि वजाबाकी. लहानपणी मी आप्पांबरोबर जायचे. दोन्ही वेळा ते वाकून बघायचे: एखादं चाक काट्याबाहेर तर नाही ना, कडेला कुणी उभं तर नाही ना. पावसाळ्यात चाकांच्या चिखलावरसुद्धा त्यांचं लक्ष असायचं. भरल्या गाडीला होता तेवढाच चिखल रिकाम्या गाडीलाही हवा, नाहीतर हिशेब चुकला.

आता मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. विज्ञान दिनाला वर्गातली काही मुलं घेऊन नारायणगावजवळच्या खोडदला, जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघायला गेले होते. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. जवळ गेल्यावर कळतं की त्या तबकड्यांना पत्राच नाही, नुसती बारीक तारांची जाळी आहे. आरपार आभाळ दिसतं, वाराही निघून जातो. पण हातभर लांबीच्या रेडिओलहरींना ती जाळी भिंतीसारखीच. एका मुलीने विचारलं, "मॅडम, यात लांबच्या दीर्घिकांचा एकेक फोटो येतो का?"

नाही येत. दीर्घिकांतल्या वायूतला हायड्रोजनचा अणू २१ सेंटिमीटर तरंगलांबीची, म्हणजे १४२० मेगाहर्ट्झची लहर सोडतो खरा, पण एका अणूला त्यासाठी सरासरी १ कोटी वर्षांहून जास्त वाट बघावी लागते. अब्जावधी प्रकाशवर्षांवरच्या एकट्या दीर्घिकेतून येणारा हा संदेश इतका क्षीण असतो की तो गोंगाटात बुडून जातो. म्हणून लाइन इंटेन्सिटी मॅपिंगवाले, म्हणजे अशा ठरावीक लहरीच्या तीव्रतेचा नकाशा काढणारे, एकेक दीर्घिका शोधायच्या फंदात पडत नाहीत. आकाशाचा मोठा तुकडा घेतात आणि त्यातून एकूण किती उजेड येतो तेवढं तोलतात. मोजणीत फक्त मोठा माल धरला गेला असता. इथे गोल्टीही, म्हणजे बारीक कांदाही, वजनात येते. विश्वात अशा गोल्टी दीर्घिका भरपूर आहेत, त्या सुटल्या तर वायूचा हिशेब अपुरा राहतो.

शिवाय अंतर आयतं मिळतं. विश्व प्रसरण पावतंय, म्हणून लहर वाटेत ताणली जाते. १४२० ची ७१० मेगाहर्ट्झ होऊन आली, तर ती सुमारे ८ अब्ज वर्षांपूर्वी निघालेली. प्रत्येक वारंवारता म्हणजे काळाचा एक थर. कॅनडातली चाइम दुर्बीण याच कामासाठी बांधली: ४०० ते ८०० मेगाहर्ट्झ, चार लांबलचक पन्हळी, हलणारा भाग एकही नाही. दीर्घिकांच्या विखुरण्यात सुमारे ५० कोटी प्रकाशवर्षांची एक ठरावीक लांबी उमटलेली आहे. ती थराथरात मोजली की विश्व कधी किती वेगाने पसरलं ते कळतं.

अडचण आहे रिकाम्या गाडीची. आपल्याच आकाशगंगेतले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात फिरताना त्याच वारंवारतांवर रेडिओलहरी सोडतात आणि त्या हायड्रोजनच्या हजारो पट तीव्र असतात. म्हणजे गाडी हजारो किलोची आणि कांदा एक किलो! सुटका एवढीच की आकाशगंगेचा आवाज वारंवारतेनुसार सावकाश बदलतो, हायड्रोजनचा मात्र थरागणिक वरखाली होतो. पण दुर्बिणीच्या स्वतःच्या वागण्यात वारंवारतेगणिक जरा जरी फरक पडला, तरी त्या सपाट आवाजावर खोटे चढउतार उमटतात. माझ्या मते या विषयातलं खरं कौशल्य इथेच आहे, काटा ओळखण्यात.

खोडदच्या दुर्बिणीने याच्याशी मिळताजुळता एक मार्ग वापरला. २०२० साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलेल्या कामात आधीच ठाऊक असलेल्या ७,६५३ दीर्घिकांच्या जागी मिळालेले संदेश एकत्र केले, आणि ८ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांतल्या हायड्रोजनचं सरासरी वजन मिळालं. ताऱ्यांच्या जन्माचा तेव्हाचा वेग पाहता तो वायू एक-दोन अब्ज वर्षंच पुरला असता. पुढे तारे जन्मायचं का मंदावलं, त्याचं उत्तर त्यात दिसतं: इंधनच कमी पडलं. मग २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या मीरकॅट दुर्बिणीच्या ९६ तासांच्या निरीक्षणांतून, दीर्घिकांची कुठलीही यादी हाताशी न धरता, हायड्रोजनचे चढउतार थेट सापडल्याचं संशोधकांनी मांडलं. यादी नाही, फक्त तोल.

परतीच्या गाडीत त्या मुलीला मी भुईकाट्याचं सांगितलं. ती निफाडचीच. लगेच म्हणाली, "मग मॅडम, इथे रिकामी गाडी कशी तोलायची? आकाशगंगा बाजूला काढून ठेवता येत नाही." पुढच्या तासाला फळ्यावर मी तिचाच प्रश्न लिहिणार आहे.