सोलापूर: पहाटे पळा, दुपारी झोपा, संध्याकाळी खा

मुंबईहून येते ती सिद्धेश्वर एक्स्प्रेस, पुण्याहून संध्याकाळी निघते ती हुतात्मा. या गाड्यांनी सोलापूरला उतरणारे बरेच जण स्टेशनबाहेर पडताच एकच प्रश्न विचारतात, "एसटी स्टँड कुठंय?" मग कुणी अक्कलकोटला, कुणी तुळजापूरला, कुणी गाणगापूरला. ज्या सिद्धेश्वराच्या आणि हुतात्म्यांच्या नावाच्या गाडीतून आलो, ते दोघेही स्टेशनपासून रिक्षाने फार तर दहा-पंधरा मिनिटांवर आहेत, हे कुणाच्या गावीही नसतं. माझंही आजवर असंच चालायचं. या खेपेला लग्नाच्या निमित्ताने गेलो, मुक्काम वाढवला आणि पळायचे बूट बरोबर घेतले. ज्यांना पळायचं नाही त्यांनी हाच रस्ता चालत करावा, काही बिघडत नाही.

आधी हवेचं बोलू, कारण इथलं सगळं वेळापत्रक तीच ठरवते. मार्च ते मे या दिवसांत हौसेने जाऊ नये. पारा चाळीसच्या वर सहज जातो आणि दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा काळ. तेव्हाही दुपारी ऊन लागतंच, त्यामुळे सकाळी साडेनऊपर्यंत बाहेरचं उरकायचं, दुपारी जेवून पंखा लावून आडवं व्हायचं, पाचनंतर पुन्हा निघायचं. मधल्या वेळात चार ठिकाणं कोंबायचा पुणेरी अट्टहास सोडला की हे शहर आवडायला लागतं.

मुक्कामाला स्टेशन, सात रस्ता किंवा पार्क चौक यापैकी कुठेही बघा. इथून पळायला थेट खोलीतून निघता येतं, वाहन लागत नाही. शहर बरंचसं सपाट आहे, पुण्या-साताऱ्याच्या चढांची सवय असलेल्यांना तर अगदीच सोपं.

माझा आवडता फेरा असा. पार्क चौकातून चार हुतात्मा पुतळ्यांपाशी यायचं. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा, चौघांनाही १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर हे गिरणी कामगारांचं शहर असं पेटलं की इंग्रजांना लष्करी कायदा पुकारावा लागला. चार नावं, चार वेगळे समाज. सोलापूर कसं बनलंय हे या चौथऱ्यापाशी जितकं कळतं तितकं कुठल्या माहितीफलकावर कळणार नाही.

तिथून होम मैदान. सकाळी सहाला इथे क्रिकेटवाले, चालणारे आजोबा आणि भरतीची तयारी करणारी पोरं यांची गर्दी असते. जमीन मातीची, गुडघ्यांना बरी. दोन-चार चकरा इथेच मारून मग तळ्याकडे वळावं. सिद्धेश्वराचं देऊळ तळ्यात आहे, काठावरून वाट आत जाते. हिवाळ्यात उजाडायला सात वाजतात, तेव्हा पाण्यावर धुकं असतं आणि पलीकडे भुईकोट किल्ल्याची काळी तटबंदी सरळ पाण्यालगत उभी दिसते. फोटो काढायचा असेल तर तो इथून. नऊला ऊन डोळ्यावर येतं आणि मजा जाते.

देवळात जायचं तर बूट बाहेर काढून, घाम पुसून, शांतपणे. हाफ पँटवर कुणी अडवलं नाही, पण मी टॉवेल गुंडाळून गेलो, ते बरं वाटलं. आवारातच सिद्धरामेश्वरांची योगसमाधी आहे. बाराव्या शतकातले हे शिवयोगी. शहराभोवती त्यांनी अडुसष्ट लिंगं स्थापली, अशी इथली श्रद्धा. समाधीपाशी एक आजी कानडीत काहीतरी म्हणत होत्या, शेजारच्या बाई त्यांना मराठीत उत्तर देत होत्या आणि फुलवाला दोघींशी तेलुगूत बोलत होता. कुणालाच त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

जानेवारीत जाणार असाल तर एक गोष्ट आधीच ठरवा: सिद्धेश्वराची गड्डा यात्रा बघायचीय की टाळायचीय? संक्रांतीच्या सुमारास सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं ते उंचच्या उंच ध्वज तोलत चालतात आणि संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो. सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह, ही त्यामागची कथा. "दिड्डम दिड्डम, सत्यम सत्यम" म्हणताच हजारो हातांतून अक्षता उडतात. बघण्यासारखंच आहे. पण त्या दिवसांत होम मैदानावर पाळणे आणि दुकानं लागतात, पळणं विसरा, आणि लॉजची खोली महिनाभर आधी ठरवा.

किल्ला आतून पाहायला संध्याकाळपेक्षा सकाळ बरी. बहामनी काळातला, दुहेरी तटाचा, बाहेर खंदक. मे १८१८ मध्ये इंग्रज सेनानी मन्रोच्या फौजेने तो पेशव्यांकडून घेतला. आत मोठं बांधकाम फारसं उरलेलं नाही. बाग, बुरूज आणि भरपूर कॉलेजची जोडपी. तासाभरात होतो.

दुसऱ्या दिवशी लांब पळायचं असेल तर विजापूर रोडकडे निघा. धर्मवीर संभाजी तलाव, जुने लोक त्याला कंबर तलाव म्हणतात, कमळांनी भरलेला असतो आणि थंडीत पक्षीही दिसतात. पुढे सिद्धेश्वर वनविहारात झाडांतून चालता-पळता येतं. मुख्य रस्त्यावर मात्र जड वाहनं असतात आणि कडेला धूळ. तो भाग उजाडल्यावरच आणि समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने करावा. कुत्र्यांची टोळकी गल्ल्यांतून आहेत. त्यांच्यापाशी पळणं थांबवून चालायला लागायचं, एवढं केलं की ती नाद सोडतात. पाण्याची बाटली बरोबर हवीच. शहरात नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा लॉजवर बादलीभर पाण्यात अंघोळ उरकली तर कुणाचं तरी भलंच होईल.

पळून झाल्यावर भूक. सकाळी इडली-वडा, तोही सांबार वाहतं ठेवून. इथे ते उसनं दाक्षिणात्य खाणं नाही, घरचंच आहे. दुपारी ज्वारीची भाकरी, भरलं वांगं, दही आणि शेंगा चटणी. या चटणीबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण बाहेर तिच्या नावावर शेंगदाण्याचं कोरडं कूट खपतं. खरी चटणी कुटलेली असते. भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ हे सगळं इतकं कुटतात की दाण्याचंच तेल सुटतं. नवी पेठेत एका बाईंनी चमचाभर कागदावर ठेवून दिली. "मुठीत दाबून बघा की," म्हणाल्या. दाबली, तर गोळा झाला आणि कागदावर तेलाचा डाग उमटला. "हां, ही चटणी. मोकळी राहिली तर घेऊ नका." दह्यात कालवून खा, नाहीतर वरून कच्चं तेल घ्या. सोबत कडक भाकरी घ्या. पातळ, पापडासारखी वाजणारी, पाकिटात बरेच दिवस टिकते. मी ती लांब पळायच्या आधी दह्याबरोबर खाल्ली, पोटाला काही त्रास नाही. चटणी मात्र पळायच्या आधी नको. का ते विचारू नका.

लग्नात हुग्गी वाढली, गव्हाची खीर, वर तुपाची धार. बाहेर सहज मिळत नाही, तेव्हा कुणी सोलापुरी ओळखीचं असेल तर निर्लज्जपणे आमंत्रण मागून घ्या. थंडीत आजूबाजूच्या शेतांवर हुरडा असतो, तोही असाच ओळखीने. संध्याकाळी पार्कजवळच्या चौपाटीवर भेळ, पावभाजी वगैरे. ठीक आहे, गर्दी बघायला जावं. मांसाहारी असाल तर चौपाटी सोडा आणि कुणाला तरी "शिक कुठं खावं?" एवढंच विचारा (शिक म्हणजे सळईवर भाजलेलं मांस). सगळे हातातलं काम सोडून सांगतात, आणि प्रत्येकाचं ठिकाण वेगळं. दोघांत वाद लागला तर "काय बे" ऐकून दचकू नका. हे प्रेमाने म्हणतात. आपण मात्र रिक्षावाल्याला "मामा" म्हणावं, ते चालतं.

चादर घेतल्याशिवाय कुणी परत येऊ देत नाही. सोलापुरी चादर आणि टॉवेल दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, तरी दुकानात परप्रांतातला मालही त्याच नावाने गळ्यात मारतात. चादर उलटून बघा: नक्षी विणलेली असेल तर मागेही उलट्या रंगात दिसते, छापील असेल तर मागे फिकी. कडेचा एक धागा मागून घेऊन जाळून बघायला चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. सुताची राख होते, पॉलिस्टरचा टणक मणी. वजन हातात घेऊन बघा. वेळ असेल तर पूर्व भागात चक्कर टाका. पद्मशाली विणकरांची वस्ती, बोलीत तेलुगू, बोळातून मागांचा खडखडाट. कुणाच्या दारात उभं राहून फोटो काढण्याआधी विचारावं, एवढीच विनंती.

भय्या चौकाजवळ डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं स्मारक आहे. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकातले हे डॉक्टर जन्माने सोलापूरचे. १९४२ मध्ये तिकडेच वारले. जाताना महापालिकेच्या आवारातली इंद्रभुवन इमारत बाहेरून बघा, वारद घराण्याची ही हवेली कोरीवकामासाठी थांबण्याजोगी आहे.

हाताशी गाडी आणि अर्धा दिवस असेल तर पहिलं नाव हत्तरसंग कुडलचं. भीमा आणि सीना यांचा संगम, जुनं देऊळ, शेकडो छोटे मुखवटे कोरलेलं शिवलिंग आणि शके ९४० म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. तिथे खायला काही मिळेल या भरवशावर जाऊ नका. भाकरी-चटणी बांधून न्या. नळदुर्ग किल्ल्यातला, धरणाच्या भिंतीतला पाणीमहाल बघायचा तो पावसाळा संपता संपता, धरण भरलेलं असताना. नान्नजचं माळढोक अभयारण्य मात्र माळढोक हा दुर्मिळ पक्षी दिसेल म्हणून नाही, काळवीट आणि माळरान बघायला.

मुंबईकडे जाणारी वंदे भारत पहाटे सहाच्या सुमारास निघते. ती धरणार असाल तर चादर, चटणी, कडक भाकरी ही खरेदी आदल्या संध्याकाळीच आटपा, पहाटे नवी पेठ झोपलेली असते. चटणीचं पाकीट कपड्यांपासून वेगळ्या डब्यात ठेवा, तेल सुटतं.