बोर्झोई: लांडग्यामागे धावण्यासाठी घडलेला कुत्रा

रशियन भाषेत 'बोर्झी' म्हणजे वेगवान. बोर्झोई हे नाव त्यावरूनच आलं. अमेरिकेत १९३६ पर्यंत त्याला 'रशियन वुल्फहाउंड' म्हणत. त्याचे लांब रेशमी केस पाहून लोक त्याला शोभेचा कुत्रा समजतात, पण या कुत्र्याचं सगळं अंग कामासाठी घडलंय आणि ते काम कळलं नाही तर त्याची निगाही नीट घेता येत नाही.

शिकार अशी चाले: वासावर माग काढणारे कुत्रे रानात सोडायचे, ते लांडग्याला उघड्या माळावर हाकलत आणायचे. माळाच्या कडेला घोड्यावरचा शिकारी तीन बोर्झोई धरून थांबलेला असे. या तिघांच्या जथ्याला 'स्वोरा' म्हणतात. त्यात बहुधा दोन नर आणि एक मादी. लांडगा नजरेस पडला की दोर सुटायचा. पळत्या लांडग्याला गाठून मानेशी पकडायचं आणि शिकारी येईपर्यंत दाबून धरायचं, एवढंच कुत्र्यांचं काम. १८६१ मध्ये रशियातली भूदासप्रथा (शेतकऱ्यांना जमीनदाराला बांधून ठेवणारी वेठ) संपली, फुकटचे राबणारे हात गेले आणि जमीनदारांचे मोठाले श्वानकळप मोडत गेले. पुढे रशियाच्या 'तुला' प्रांतातल्या पेर्चिनो इथे झारच्या घराण्यातले ग्रँड ड्यूक निकोलाय निकोलायेविच यांनी ही जात पुन्हा नेटाने जोपासली. १९१७ च्या क्रांतीत तेही संपलं, पण त्याआधीच परदेशी गेलेल्या कुत्र्यांमुळे वंश टिकला.

नर खांद्याशी ७५ ते ८५ सेंटीमीटर, मादी ६८ ते ७८. बाजूने पाहिला तर छाती कोपरापर्यंत उतरलेली, समोरून पाहिला तर फळीसारखा अरुंद. पाठीला कमरेवर कमान. धावताना एका ढांगेत चारही पाय दोनदा जमीन सोडतात: एकदा अंग ताणलेलं असताना, एकदा गोळा झालेलं असताना.

याच खोल छातीत सर्वांत मोठा धोका आहे. जठर वायूने फुगतं, मग पीळ बसतो, रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत कुत्रा जातो. पोट ढोलासारखं ताठ, तोंडाला लाळ, अस्वस्थ येरझाऱ्या आणि ओकारीचा जोर येऊनही बाहेर काहीच न पडणं, ही लक्षणं दिसली की सकाळची वाट न पाहता थेट दवाखाना गाठावा. रोजचं जेवण दोन-तीन वेळांत वाटून द्यावं आणि जेवणानंतर तासभर तरी पळू देऊ नये. नसबंदीच्या वेळीच जठर पोटाच्या भिंतीला टाचून घेता येतं. पोट त्यानंतरही फुगू शकतं, पण पीळ बसण्याची शक्यता खूप कमी होते.

भुलीचं डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा. अंगात चरबी कमी आणि यकृतात काही औषधं सावकाश विघटित होतात, म्हणून थायोपेंटोन हे भुलीचं औषध दिलं तर साइटहाउंड (बोर्झोईसारखे नजरेवर शिकार करणारे कुत्रे) फार उशिरा शुद्धीवर येतात. ते टाळायला सांगा. या गटात टी-फोर हे थायरॉइडचं संप्रेरक मुळातच कमी दिसतं, तेव्हा तेवढ्या एका आकड्यावर थायरॉइडच्या गोळ्या सुरू करू नयेत.

पिल्लाला मोठ्या जातींसाठीचं पिल्लांचं खाद्य पुरतं. आपल्याकडे हौसेने पाजतात ते कॅल्शियमचं सिरप त्यावर नकोच. जास्तीच्या कॅल्शियममुळे वाढती हाडं वाकडी होतात. दीड वर्षापर्यंत सायकलमागे पळवणं, उंच उड्या मारायला लावणं बंद.

मान डोक्याइतकीच जाड, त्यामुळे साधा पट्टा मागे ओढला की निसटतो. ओढ बसताच आवळणारा आणि ठरावीक मापापुढे न आवळणारा रुंद मार्टिंगेल पट्टा हवा. बोर्झोई कुंपणाबाहेर मोकळा सोडू नये. मांजर किंवा ससा दिसला की हाक त्याच्यापर्यंत पोचत नाही. हट्टीपणाचा यात भाग नाही. माणसाला न विचारता नजरेच्या जोरावर पाठलाग करणं हेच शतकानुशतकं त्याच्याकडून हवं होतं. कुंपण सहा फूट.

केसांना आठवड्यातून दोनदा लांब दातांचा ब्रश आणि कानामागे, मांड्यांवर कंगवा, कारण गुंता तिथेच होतो. उन्हाळ्यात केस भादरू नका, तेच कातडीला उन्हापासून जपतात.

तरीही विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यासाठी हा कुत्रा नाही. एसीची खोली आणि सूर्य उगवण्याआधीचं फिरणं रोज जमणार नसेल, तर आपल्याच मातीतला पश्मी जातीचा कुत्रा पाहावा: तीच उंच, सडपातळ ठेवण, कानांना झालर आणि या उन्हाची पिढ्यान्‌पिढ्या सवय.