चिरिकाहुआच्या पायथ्याशी: फारअवे रँच

पाहुणे आले की ग्रँड कॅन्यन, परत पाहुणे आले की परत ग्रँड कॅन्यन, असं चाललं होतं आमचं, म्हणून यावेळी मुद्दाम अ‍ॅरिझोनाच्या आग्नेय कोपऱ्यात गेलो. विलकॉक्स हे गाव मागे पडलं की नुसते गवताचे माळ, अधूनमधून गुरं, आणि मग चिरिकाहुआचे डोंगर. लोक गाडी दामटत थेट वर मसाई पॉइंटला दगडी सुळके बघायला जातात, खालच्या बोनिटा कॅन्यनमधल्या फारअवे रँच या जुन्या घरापाशी थांबतात कमीच.

हे घर नील आणि एमा एरिक्सन या जोडप्याचं, दोघंही मूळचे स्वीडनचे. नील अमेरिकन फौजेत, इथल्या मूळ रहिवासी अपाचेंशी लढलेला. 1887 ला फोर्ट बोवी या लष्करी ठाण्यावर लग्न आणि 1888 ला इथे बिऱ्हाड. अपाचेंचा म्होरक्या जेरोनिमोने शरणागती पत्करून जेमतेम दोन वर्षं झालेली, चिरिकाहुआ अपाचेंना रेल्वेत घालून फ्लोरिडाला पाठवून दिलेलं, आणि मग ही जमीन म्हणे 'मोकळी'! त्यामुळे पायोनियर वगैरे ऐकलं की मी जरा हात राखूनच टाळ्या वाजवते.

नील बरीच वर्षं बिसबी गावी सुतारकाम करत होता, 1903 पासून फॉरेस्ट रेंजर झाला, म्हणजे घर, पोरं, गुरं सगळं एमाच्याच गळ्यात. पुढे 1917 मध्ये मुलींनी पाहुणे ठेवायला सुरुवात केली आणि थोरल्या लिलियनने तो धंदा खऱ्या अर्थाने नावारूपाला आणला. नवरा एड रिग्ज आणि ती पाहुण्यांना घोड्यावर बसवून सुळक्यांत फिरवायचे, फोटो काढायचे, या जागेचा एवढा गाजावाजा केला की 1924 मध्ये ती नॅशनल मॉन्युमेंट, म्हणजे सरकारने राखलेली जागा, झाली. नंतर लिलियनबाईंची दृष्टी गेली, ऐकूही कमी यायला लागलं, 1950 ला एड गेला, तरी बाई कितीतरी वर्षं रँच चालवत राहिल्या, घोड्यावरही बसायच्या!

रेंजरबरोबर आत गेलो तर जेवणाच्या खोलीतली फायरप्लेस बघून मी तिथेच खिळले. दगडांवर चक्क नावं कोरलेली आहेत. 1880 च्या दशकात इथे तळ ठोकलेल्या दहाव्या घोडदळाच्या कृष्णवर्णीय शिपायांनी, म्हणजे बफेलो सोल्जर्सनी, राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांचं स्मारक बांधलं होतं, ते ढासळायला लागल्यावर एडने त्याचे दगड आणून ही चूल केली. त्यामुळे नावं टिकली हे खरं, पण दुसऱ्यांचं स्मारक आपल्या जेवणघरात? मला नाही पटलं. नवऱ्याचं म्हणणं, नाहीतर दगड लोकांनी पळवलेच असते. गाडीत तासभर यावरच वाद.

जाणार असाल तर पेट्रोल आणि खाणं विलकॉक्सलाच घ्या, वर काही मिळत नाही. घर आतून बघायचं तर टूरची वेळ आधी विचारून जा, नाहीतर खिडकीतून डोकावून परत यावं लागेल.