जमिनीलगतची एक वीत

'मिस्त्री, रोह्यानं रात्री सारं कुंपण लोळवलं, लवकर या,' असा अण्णांचा फोन आला. रोही म्हणजे नीलगाय, तेव्हा वाटलं तारा तुटल्या असतील. जाऊन पाहतो तर काटेरी तार जशीच्या तशी. मोडल्या होत्या निलगिरीच्या बल्ल्या, म्हणजे कुंपणाचे लाकडी खांब, त्याही साऱ्या जमिनीलगत, जणू करवत फिरवल्यासारख्या. 64 पैकी 41. आणि कुंपण घातल्यापासूनचा तिसरा पावसाळा नुकताच सरला होता.

अण्णांचं शेत परभणी जिल्ह्यात, जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या खालच्या अंगाला. कालवा सुटला की पाझर येतो, काळं रान चिबडतं आणि रब्बीभर ओल हटत नाही. रोह्याला बोल लावण्यात अर्थ नव्हता. उभ्या राहिलेल्या बल्ल्यांच्या बुडाशी स्क्रू ड्रायव्हर टोचून पाहिला, तर बऱ्याच ठिकाणी दोन बोटं आत गेला.

एक बुडखा पहारीने उकरून काढला आणि वाकसाने उभा चिरला. खालचं फूटभर लाकूड ओलं, काळपट, पण टणक. वरचा मोडका तुकडाही ठणठणीत. मधली एक वीत मात्र नखाने निघेल इतकी मऊ. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला पाणी आणि हवा दोन्ही लागतात. खोल चिखलात हवा नाही, वर ओल टिकत नाही. जमिनीलगत दोन्ही मिळतात. आपल्या काळ्या मातीत ही वीत आणखी लांबते, कारण उन्हाळ्यात खांबाभोवती भेगा पडतात आणि हवा खालपर्यंत पोचते.

खरा धक्का सिमेंटमध्ये बसवलेल्या बल्ल्यांनी दिला. कोपऱ्याच्या आणि वळणाच्या 20 बल्ल्या अण्णांनी मुद्दाम काँक्रीटमध्ये बसवलेल्या. त्यातल्या 18 गेल्या. गठ्ठा उपसून उलटा केला तर आतून पाणी सांडलं! बल्ल्या ओल्याच बसवलेल्या होत्या. 4 इंची ओली बल्ली वाळली की पाव इंच तरी आकसते. काँक्रीट आणि लाकूड यांच्यात फट पडते, पाऊस त्या फटीतून उतरतो, आणि बूडही काँक्रीटने बंद असल्यामुळे त्याला वाट नसते. कपात उभी केलेली काडीच ती.

'पण मी जळकं ऑइल पाजलं होतं की,' अण्णा म्हणाले. पाजलं होतं खरं, पण सालीवरून, आणि तेही ओल्या बल्लीला. ओल्या लाकडात ते मुरत नाही, वरच राहतं. साल सुटली की तेलही सुटतं. सालीखाली वाळवीने मातीच्या नळ्याही चढवल्या होत्या. मुरलं तरी इंजिनचं जळकं तेल म्हणजे काही बुरशीचं औषध नाही. डांबराचंही तसंच, ओल्या लाकडाला फासलं तर ओल आतच कोंडते. खांब जाळून काळे करायची जुनी पद्धत आहे, पण कोळशाच्या पातळ थरात भेगा पडतात आणि बुरशी त्यातून आत शिरते. माझा तिच्यावर विश्वास नाही.

फाटकाचे दोन बाभळीचे खांब मात्र ताठ होते. त्यांचं पांढरं लाकूड कुजून गळालं होतं, आतला तांबडा नार, म्हणजे टणक गाभा, शाबूत. कोवळ्या निलगिरीच्या बल्लीत पांढरंच जास्त, म्हणून ती औषधाशिवाय ओल्यात लावू नये. मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, एकटं वापरलं तर अशा रानात पाण्याबरोबर धुऊन जातं. कारखान्यात दाब देऊन औषध लाकडात मुरवतात, तेव्हा त्याच्या जोडीला क्रोमियमचे क्षार असतात. ते तांबं लाकडात पक्कं धरून ठेवतात. घरी ते क्षार कालवायच्या नादी लागू नये, विषारी आहेत. म्हणून नवीन 7 फुटी बल्ल्या प्रक्रिया केलेल्याच घ्यायला लावल्या. लागेल त्या लांबीच्याच आणा, कारण कापलं की आतलं बिनऔषधाचं लाकूड उघडं पडतं. कापणं टळतच नसेल तर कापलेलं टोक वर ठेवा.

बल्ल्या सावलीत, विटांवर रचून वाळू दिल्या. ठोकल्यावर भद्द वाजली तर अजून ओली. टण वाजायला हवी. मग जमिनीच्या रेषेखाली 8 इंच आणि वर 4 इंच एवढ्याच पट्ट्याला डांबराचे दोन हात. बूड मोकळं ठेवलं.

खड्डा फूटभर रुंद, अडीच फूट खोल. तळाला 6 इंच खडी, तिच्यावर खांब, भोवती मुरूम 6-6 इंचांच्या थरांनी धुम्मसाने ठोकून घट्ट बसवलेला. उकरलेली काळी माती परत भरायची नाही. ती फुगते, आकसते आणि खांबाला हलवते. 64 खड्ड्यांना सव्वा ब्रास (ब्रास म्हणजे 100 घनफूट) मुरूम आणि पाव ब्रास खडी लागते. वर मुरमाचा उतरता ढिगारा, म्हणजे पाणी खांबाकडे न येता बाहेर पळतं.

पण हे सगळं चराशिवाय फुकट. काळ्या रानात खडीचा खड्डा म्हणजे छोटी विहीरच, भोवतीचा पाझर तिथेच उतरतो. म्हणून आधी कालव्याच्या बाजूने, कुंपणापासून 5 फुटांवर 3 फूट खोल चर मारला आणि नाल्याला उतार दिला. चर खड्ड्याच्या तळापेक्षा खोल हवा, नाहीतर त्याचा उपयोग नाही.

अण्णांचा जीव कोपऱ्याच्या खांबांसाठी सिमेंटवरच अडकला होता. ताण तिथे जास्त, त्यांचंही चूक नव्हतं. शेवटी त्या खांबांना काँक्रीट केलं, पण बल्लीचं बूड काँक्रीटच्या आरपार खाली खडीवर टेकवून, आणि काँक्रीटचा वरचा काठ जमिनीच्या 2 इंच वर, बाहेरच्या बाजूला उतरता. उन्हाळ्यात बल्ली आणि काँक्रीट यांच्यात केसभर जरी फट दिसली, तरी पहिल्या पावसाआधी तीत डांबर ओतायचं, हे अण्णांकडून तिथल्या तिथे कबूल करून घेतलं.